उतारावर गाडी कोण धरतं: गिअर की ब्रेक?

नाशिकमध्ये गाडी शिकलेल्या माणसाचा हात सपाटीवर बसलेला असतो. कॉलेज रोड, गंगापूर रोड, तपोवनाकडची मोकळी जागा, फार तर उड्डाणपुलाचा चढ. लायसन हातात पडतं आणि महिन्याभरात घरचे म्हणतात, चल, गडावर जाऊन येऊ. आपल्या शहरातून कुठल्याही बाजूला निघा, तास-दोन तासांत घाट लागतोच. मुंबईकडे कसारा, पेठकडे सावळघाट, मालेगावकडे राहुड, जव्हारकडे तोरंगण, पुण्याकडे चंदनापुरी, आणि नांदुरीहून वर सप्तशृंगगड. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चढावर गाडी मागे न सरकवता कशी उचलायची ते घोटून घेतात. उतरायचं कसं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. गाडी आपोआप खाली येतेच, त्यात शिकायचं काय, असं मलाही वाटायचं.

लायसन मिळाल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आईला आणि मावशीला घेऊन गडावर गेले. वर जाताना घाम फुटला, पण गाडी चढली. दर्शन झालं, जेवणं झाली आणि निवांतपणे खाली निघालो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, मध्येच चौथ्यात, आणि उजवा पाय सतत ब्रेकवर. दाबून नाही, नुसता टेकवलेला. मला वाटत होतं मी फार जपून चालवतेय. निम्मा घाट उतरला असेल, तेव्हा मावशी म्हणाली, "कसला गं वास येतोय? कुकरची रिंग जळल्यासारखा." पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल नेहमीसारखं घट्ट लागलं, पण गाडी हवी तेवढी मंदावेना. जोर लावला, आणखी लावला. वळण निघालं, पण पलीकडच्या रेषेला चाक लावूनच.

रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. पुढच्या चाकांतून बारीक धूर येत होता. मी पाण्याची बाटली काढली, तेवढ्यात मागून एक जीपवाला थांबला. "ताई, पाणी नका टाकू, डिस्क वाकडी होईल. अर्धा तास तशीच राहू द्या." मग खिडकीतून आत डोकावून गिअरकडे पाहिलं आणि विचारलं, "कितीवर उतरत होता?" मी सांगितलं. तो म्हणाला, "चढताना कितीवर होता? दुसऱ्यावर ना? मग उतरायचंही दुसऱ्यावरच. गाडी गिअरला धरू द्या, ब्रेक राखून ठेवा."

या लेखात मी जे सांगणार आहे ते सगळं त्या एका वाक्यात आहे. पण ते हाता-पायात उतरायला मला वर्ष लागलं. तुम्हाला एवढा वेळ लागू नये म्हणून नीट मांडते.

आधी हे समजून घ्या: ब्रेक तापतो म्हणजे काय

ब्रेक गाडीचा वेग गिळत नाही, त्याची उष्णता करतो. ब्रेकचे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर घासतात, डिस्क तापते, वारा तिला गार करतो. शहरात सिग्नलला थांबलो, निघालो, पुन्हा थांबलो, तर मधल्या वेळात ही उष्णता निघून जाते. घाटात तो मधला वेळच मिळत नाही.

हिशोब करून पाहा. इगतपुरी ते कसारा यांच्या उंचीत साधारण ३०० मीटरचा फरक आहे. माणसांसकट १,२०० किलो वजनाची गाडी एवढी खाली आली की सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा सुटते. तीच गाडी ६० च्या वेगातून पूर्ण थांबवली तर ब्रेकला जेमतेम पावणेदोन लाख ज्यूल पचवावे लागतात. म्हणजे हा घाट उतरणं हे साठच्या वेगातून लागोपाठ वीस-एकवीस वेळा गाडी थांबवण्याइतकं आहे. त्यातला बराच भाग टायर आणि हवा घेतात हे खरं. पण उरलेला भाग कुणीतरी घ्यावाच लागतो. तो एकट्या ब्रेकने घ्यायचा की इंजिनने, हे तुमच्या डाव्या हातात आहे.

ब्रेक जास्त तापला की दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि दोन्ही पायाला वेगळ्या जाणवतात. पहिली म्हणजे पॅडची पकड सुटते. पेडल घट्ट लागतं, पण गाडी ऐकत नाही. माझ्या बाबतीत हेच झालं होतं. दुसरी याहून वाईट. ब्रेक ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं कोरं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकावं लागतं. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. म्हणून डबीत ऑइल भरलेलं दिसलं तरी ते किती जुनं आहे हे विचारायचं. दोन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या.

इंजिन गाडीला कसं धरतं

गाडी गिअरमध्ये आहे, क्लचवर पाय नाही आणि तुम्ही एक्सलेटर सोडला, की चाकं उलट इंजिनाला फिरवू लागतात. पेट्रोल गाडीत हवा आत घेणारी झडप जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे पिस्टनला दर फेरीला हवा ओढून घ्यायची धडपड करावी लागते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ओढून पाहा, तसंच. त्यात इंजिनातलं घर्षण मिळतं. डिझेल गाडीत हवा अशी अडवून धरलेली नसते, तिथे मुख्यतः इंजिनाचं अंगचं घर्षणच कामाला येतं. म्हणून प्रत्येक गाडीची धरण्याची ताकद वेगळी. आपल्या गाडीची कितपत आहे ते वापरूनच कळतं. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीलाही पेट्रोलचंच सगळं लागू.

गिअर जितका खालचा, तितकं इंजिन जोरात फिरतं आणि तितकी पकड जास्त. पाचव्यात जवळपास काहीच जाणवत नाही. दुसऱ्यात कुणीतरी मागून पदर धरल्यासारखं वाटतं.

इंजिन खराब होईल का, हा प्रश्न प्रत्येक नवशिका विचारतो. ३,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरणं हे इंजिनाचं रोजचं काम आहे. ऑइल पंप चालू असतो, पाणी खेळत असतं, आणि जोर न लावता फिरत असल्यामुळे उतारावर ते उलट गारच राहतं. फक्त आवाज वाढतो. पहिल्यांदा त्या आवाजाची भीती वाटते आणि हात आपोआप वरचा गिअर टाकायला जातो. टाकू नका.

घाट उतरायचा तो असा

सगळ्यात आधी, उतार सुरू होण्याअगोदर गिअर ठरवा. घाटमाथ्यावर वेग कमी करा आणि खालचा गिअर टाकूनच पहिल्या वळणात शिरा. गाडीने वेग घेतल्यावर गिअर खाली टाकायची धांदल करणं हीच नवशिक्याची मोठी चूक. कोणता गिअर? जीपवाल्याचा नियम पुरेसा आहे: ज्या गिअरने हा चढ चढलात किंवा चढला असतात, त्याच गिअरने उतरा. गडाच्या वळणांना बहुतेक छोट्या गाड्यांना दुसरा लागतो. कसाऱ्याचा रस्ता रुंद आहे, तिथे बऱ्याचदा तिसरा चालतो, पण गाडी भरलेली असेल तर मी तिथेही दुसऱ्यावर येते.

गिअर बरोबर आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही पाय पेडलवरून काढा. गाडीचा वेग जवळपास तेवढाच राहिला किंवा अगदी हळू वाढला, तर गिअर बरोबर. झपाट्याने वाढला, तर अजून एक गिअर खाली. एक्सलेटर दिल्याशिवाय गाडी पुढेच जाईना, तर एक वर.

गिअर खाली टाकण्याची रीत: आधी ब्रेकने वेग कमी करा. मग क्लच दाबा, खालचा गिअर टाका, आणि क्लच सोडायच्या आधी एक्सलेटरला हलकी थाप द्या, इंजिनाचा आवाज किंचित चढू द्या. मग क्लच सावकाश पण पूर्ण सोडा. ती थाप न देता क्लच सोडला की गाडी मान खाली घातल्यासारखी झुकते, मागच्या सीटवरची माणसं पुढे येतात आणि क्लच प्लेट घासली जाते. हे एका दिवसात जमत नाही. सकाळी रिकाम्या रस्त्यावर, तिसऱ्यातून दुसऱ्यात, चाळीसच्या आत, वीस-पंचवीस वेळा करून पाहा. मागे बसलेल्याच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळला नाही म्हणजे जमलं.

एकेक पायरीच उतरा. चौथ्यातून तिसरा, मग दुसरा. साठच्या वेगात चुकून पहिला पडला आणि क्लच सोडला, तर छोट्या गाडीचं इंजिन ७,००० आरपीएमच्या पुढे भिरकावलं जातं. तिथे खरोखर मोडतोड होते. पहिला गिअर अगदी सरपटत जाण्याच्या वेगासाठी ठेवा.

आणि उतारावर क्लच दाबून ठेवायचा नाही. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं सुटली, गाडी मोकळी झाली. वळणावर घाबरून दोन्ही पाय एकदम दाबणारे फार जण मी पाहिलेत, मीही त्यातलीच होते. ब्रेक लागतोय असं वाटतं, पण अर्धी पकड आपणच सोडून दिलेली असते.

मग ब्रेक कधी?

गिअर वेग धरून ठेवतो, कमी करायचं काम ब्रेकचंच. योग्य गिअरमध्येही वेग हळूहळू वाढत जातो. समजा तुम्ही तीसने उतरायचं ठरवलंय. काटा पस्तीसवर गेला की ब्रेक नीट जोराने दाबा, पंचवीसवर आणा आणि पाय पूर्ण उचला. पुन्हा पस्तीस होईपर्यंत पाय लांब. या मधल्या सेकंदांत डिस्कला वारा लागतो. टेकवून ठेवलेला पाय तिला ही उसंत मिळू देत नाही, म्हणूनच 'जपून' उतरणाऱ्याचे ब्रेक आधी जळतात.

वळणाचं ब्रेकिंग वळणाच्या आधी, सरळ चाकांवर. वळणात फक्त स्टिअरिंग आणि गिअरची पकड.

अचानक समोर काही आलं, गडावर माकड किंवा कसाऱ्यात बंद पडलेला ट्रक, तर गिअरचा विचारही करू नका. ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा. पेडल थरथरलं तर तो एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे, पाय सोडायचा नाही. इंजिन ब्रेकिंग फक्त ज्या चाकांना इंजिन जोडलंय त्यांनाच धरतं, बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या दोन चाकांना. ब्रेक चारही चाकांना धरतो. गाडी बंद पडू नये म्हणून क्लच अगदी शेवटी. बंद पडली तरी चालेल, थांबली हे महत्त्वाचं.

एक गोष्ट सहज विसरली जाते. गिअरने वेग कमी केला तर मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागचा माणूस तुमच्या दिव्यांकडे बघत असतो. म्हणून गिअर खाली टाकायच्या आधी ब्रेकवर हलकी टिचकी द्या, त्याला कळू द्या.

न्यूट्रलबद्दल

उतारावर न्यूट्रल मारला की पेट्रोल वाचतं, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. माझे काकाही सांगायचे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळात त्यात काही तथ्य असेल. आजच्या, कॉम्प्युटरने मोजून इंधन फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत मात्र उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात, आणि कॉम्प्युटर इंधन पूर्ण बंद करतो. आरपीएम बरेच खाली, हजार-बाराशेच्या आसपास आले की मगच ते पुन्हा सुरू होतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहायचं असतं, म्हणजे इंधन जळतच राहतं. ज्या गाड्यांत चालू मायलेज दिसतं तिथे दोन्ही करून पाहा, आकडाच सांगेल.

पैशापेक्षा मोठी गोष्ट ही की न्यूट्रलमध्ये तुमच्या हातात फक्त ब्रेक उरतो. त्याहून भयंकर म्हणजे उतारावर गाडी बंद करणं. ब्रेक हलका लागतो तो इंजिन चालू असताना तयार होणाऱ्या निर्वात दाबाच्या मदतीने. इंजिन बंद केलं की दोन-तीनदा दाबेपर्यंत ती मदत उरते, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली तर ते लॉकही होऊ शकतं. हे कधीही, कुठल्याही कारणाने करू नका.

पाऊस आणि धुकं

जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीच्या पुढे समोरच्या गाडीचे दिवेसुद्धा हरवतात. अशा वेळी वेग मुळातच कमी, त्यामुळे गिअरही खालचा. पण ओल्या रस्त्यावर क्लच धप्पकन सोडू नका. पुढची चाकं क्षणभर घसरू शकतात आणि तेवढा वेळ स्टिअरिंग ऐकत नाही. पाण्यातून गाडी गेली असेल तर मोकळ्या जागी ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून पॅड कोरडे करून घ्या, मगच उतार.

घाटात पुढे ट्रक रांगत असेल तर हॉर्न वाजवू नका. तो हळू चाललाय कारण त्याने वीस-पंचवीस टन पहिल्या-दुसऱ्या गिअरवर धरून ठेवलेत. त्याला वेग वाढवायला लावणं म्हणजे त्याच्या ब्रेकवर आणि आपल्या जिवावर उठणं. कसारा-इगतपुरीचा रेल्वेचा चढ ३७ फुटांत १ फूट आहे, तिथे चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. त्याच डोंगरातून आपला रस्ताही जातो. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

शहरात याचा अतिरेक नको

घाटात शिकलेलं काही जण लगेच द्वारका चौकात लावतात. प्रत्येक सिग्नलला चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. त्याची गरज नाही. सपाटीवर लाल दिवा दिसला की पाय काढा, गाडी आहे त्या गिअरमध्ये आपोआप मंदावू द्या, शेवटी ब्रेकने थांबवा आणि इंजिन कुरकुरायला लागलं की क्लच. ब्रेकचे पॅड झिजण्यासाठीच असतात, चाक काढून बदलता येतात. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि मेकॅनिकचं बिल तसंच येतं. सपाटीवर पॅड वाचवायला क्लच झिजवणं हा उलटा व्यवहार आहे.

ब्रेक तापलेच तर

जळका वास, पेडलमध्ये बदल, चाकातून धूर, यातलं एकही दिसलं तरी पुढचं वळण बघू असं म्हणू नका. वेग ताब्यात असतानाच रुंद जागी थांबा. चाकांवर पाणी टाकू नका. थांबल्यावर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक खेचून ठेवण्याऐवजी गाडी उताराकडे तोंड करून असेल तर रिव्हर्स गिअर टाका आणि चाकापुढे मोठा दगड लावा. अर्धा-पाऊण तास थांबा. पुढे निघण्यापूर्वी जागेवर पेडल दाबून पाहा, मग पहिल्या गिअरमध्ये थोडं सरकून पुन्हा पाहा.

चालत्या गाडीत ब्रेक गेलाच, तर पेडल भराभर दाबा-सोडा. बऱ्याचदा थोडा दाब परत येतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली. हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरून तो हळूहळू ओढा, एकदम खेचला तर मागची चाकं घसरतील. दिवे, हॉर्न चालू. आणि गाडी दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला न्या. मातीचा ढिगारा, झुडपं, कठड्याला घासत जाणं, काहीही चालेल.

पहिला सराव कुठे करावा

सरळ गडावर जाऊ नका. शिवाय नवरात्रात आणि चैत्राच्या यात्रेत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, वर एसटीनेच जावं लागतं. आधी रविवारी भल्या सकाळी, गर्दी नसताना, शेजारी सरावलेल्या माणसाला बसवून पेठ रोडने सावळघाट करा. एकदा चढा, कोणत्या गिअरने चढलात ते मोठ्याने म्हणा, आणि त्याच गिअरने परत या.

उतरून झाल्यावर गाडी बाजूला लावून पुढच्या चाकाजवळ तळहात धरा. डिस्कला किंवा चाकाला हात लावायचा नाही, वीतभर अंतरावरून नुसती धग बघायची. गेल्या खेपेला नांदुरीला उतरल्यावर मी तेच केलं. चाक जेमतेम कोमट होतं. मावशी खाली उतरली, वाकून चाकापाशी वास घेतला, म्हणाली, "आज काही जळलं नाही हं," आणि चहाच्या टपरीकडे चालू लागली.